भिंतीपलीकडचा माल

भिंतीवरचं कॅलेंडर हललं आणि त्याच्यामागून आमच्या यांचा आवाज आला.

"ऐकायलीस काय? तेवढं कॅलेंडर काढून घे. भिंत पाडायची आहे आज."

मी एक बिजागरी हातात धरून उघडझाप करून बघत होते. ती खाली ठेवली आणि कॅलेंडर बाजूला सारलं. मागे एक वीट काढलेली होती. त्या चौकोनात यांचा जेवढा चेहरा मावेल तेवढा दिसत होता. एक डोळा, अर्धी मिशी आणि ओसंडून चाललेला आनंद.

"कुणाला विचारून?" मी म्हटलं.

"माझी भिंत पाडायला कुणाला विचारायचं?"

"अर्धी माझी आहे."

यांना वाटलं मी थट्टा करते आहे. चेहरा बाजूला झाला आणि फरशीवरून घण ओढत आणल्याचा आवाज आला. मग मात्र मी उठले.

भिंतीपलीकडे जायला भिंतीतून वाट नव्हती. माझ्या फाटकातून बाहेर पडायचं, एमआयडीसीच्या रस्त्याला लागायचं, सदाच्या चहाच्या टपरीला वळसा घालायचा, पुढच्या कोपऱ्यावर वळायचं आणि यांच्या फाटकातून आत शिरायचं. मी तणतणत निघाले. सदानं नेहमीसारखं विचारलं, "वहिनी, चहा पाठवू काय?" मी उत्तर दिलं नाही. एवढ्यावरून त्यानं ओळखलं की आज काहीतरी बघण्यासारखं आहे, आणि हात पुसत तो माझ्यामागून आला.

मी पोचले तेव्हा यांनी घण खांद्यापर्यंत उचलला होता. पत्रा कापायच्या प्रेसवरची माणसं काम थांबवून कोंडाळं करून उभी होती. मी सरळ गेले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

"आता मारा," मी म्हटलं.

ही भिंत काय होती ते आधी सांगायला हवं. नाहीतर हे नवरा-बायकोचं भांडण एवढंच वाटेल, आणि ते तेवढंच नव्हतं.

आमचे हे, भूपाल मगदूम, सांगलीजवळ कुपवाडला बिजागऱ्या बनवायचे. दाराच्या, खिडकीच्या, कपाटाच्या. त्या काळी आमच्यासारखा माल लहान कारखान्यांसाठी राखीव होता. मोठ्या कंपन्यांना तो बनवायला मनाई, आणि परदेशी मालावर एवढा कर की तो इकडे फिरकायचाही नाही. लहानांनी जगावं असा सरकारचा चांगला हेतू होता आणि आम्ही छान जगलो. फक्त एक अट होती. लहानच राहायचं. यंत्रांची किंमत ठरलेल्या मर्यादेवर गेली की तुम्ही मोठे झालात, मग राखीवपण गेलं आणि करातली सवलतही गेली.

इकडे गावोगाव घरं उठत होती आणि प्रत्येक घराला दारं लागत होती. मागणी वाढली, नवे प्रेस घ्यायची वेळ आली. घेतले तर मोठे होऊ, न घेतले तर गिऱ्हाईक जाईल. यांनी कराच्या कामाचे सल्लागार घरी बोलावले. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं, मी केलेले पोहे खाल्ले, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "वहिनी काय करतात?"

"घरीच असते," हे म्हणाले.

"मग त्यांना कारखानदार करू."

कणीक मळता मळता मी हात धुऊन सही केली आणि कारखानदार झाले. नवे प्रेस माझ्या नावावर आले. एका पत्र्याखाली मधोमध भिंत उभी राहिली. माझं फाटक वेगळं, विजेचं मीटर वेगळं, पाटी वेगळी. तिकडे 'भूपाल मेटल वर्क्स', इकडे 'त्रिशला इंडस्ट्रीज'. आमच्या गल्लीत तेव्हा निम्मे कारखानदार असेच स्वयंपाकघरातून आलेले होते. एका गृहस्थांना तर आणखी दोन कारखाने हवे होते आणि बायको एकच होती. त्यांनी सासूबाईंना उभं केलं.

काम कसं चालायचं तेही ऐका. हे पत्रा कापून बिजागरीची पानं पाडायचे, त्यांना स्क्रूची भोकं पाडायचे. मग ती पानं माझ्याकडे यायची. मी त्यांची कड वळवून पिन घालायची, पॉलिश करायचं आणि खोक्यात भरायचं. पलीकडून हात लांब केला तर पोचेल इतकं जवळ. पण कारखाने दोन, मालक दोन, त्यामुळे माल हातगाडीवर चढायचा, मालाबरोबरची पावती, म्हणजे चलन, फाटायचं, गाडी रस्त्यावरून टपरीला वळसा घालून माझ्या दारात यायची. पावसाळ्यात ताडपत्री टाकूनही पानांना गंज धरायचा. आम्ही दोघं सकाळी एका स्कूटरवरून यायचो, हे मला माझ्या फाटकाशी उतरवायचे आणि पुढे आपल्या फाटकाकडे जायचे. डबा एकच असायचा. त्याच्यासाठीच तर ती एक वीट काढलेली होती, आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांना दिसू नये म्हणून त्या भोकावर कॅलेंडर टांगलेलं असायचं.

एकदा एका साहेबांनी मला विचारलं, "शेजारच्या कारखान्याशी तुमचा संबंध काय?"

"व्यवहारापुरता," मी म्हटलं.

साहेबांचं समाधान झालं. हे मात्र आठवडाभर फुगून बसले होते. "व्यवहारापुरता काय? दुसरं काही सुचलं नाही तुला?"

सुरुवातीला मी खरोखरच सहीपुरती होते. सकाळी यायचं, कागदावर नाव घालायचं, दस्तगीरमामांनी काम लावलेलं बघायचं आणि दुपारी रिक्षानं घरी. दस्तगीरमामा माझ्याकडचे फोरमन, मिरजेचे, अबोल माणूस. मग एकदा कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याकडून अख्खा माल परत आला. बिजागरी मिटायची नाही, दार फुगून राहायचं. बिलावर नाव माझं, म्हणून त्यानं फोन मला केला आणि भरपूर ओरडला. तोवर माझ्यावर ओरडायचे ते घरचे लोक, तेही आमटीत मीठ जास्त झालं म्हणून. हा परका माणूस माझ्या कारखान्याच्या मालासाठी माझ्यावर ओरडत होता. खरं सांगते, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाजवळ टेबल मांडलं आणि दस्तगीरमामांना म्हटलं, "मामा, पान चांगलं की वाईट ते कसं ओळखायचं, मला शिकवा."

त्यांनी शिकवलं. स्क्रूचं डोकं बसायला भोकाभोवती खळगा लागतो. तो उथळ पडला की डोकं वर राहतं, आणि मग दोन पानं एकमेकांवर नीट टेकत नाहीत. अंगठा फिरवला की कळतं. मी अंगठा फिरवायला शिकले, मापाचं गेज लावायला शिकले आणि सांगलीहून एक शिक्का करून आणला, 'नापसंत'. पहिल्यांदा मी तो मारला तेव्हा हातगाडी आल्या रस्त्यानं परत गेली, आणि लगेच कॅलेंडर हललं.

"अगं, घरचाच माल आहे की."

"घरचा कुठला? चलन आहे याला."

तेव्हापासून महिन्यातून दोन-तीनदा तरी गाडी परत जायची. हे चिडायचे, भोकातून वाद घालायचे, मग खळगे दुरुस्त करून पाठवायचे. घरी या विषयावर बोलायचं नाही असा आमचा करार होता. मी कारखान्यात कधी रमले ते मलाही कळलं नाही. दुपारची रिक्षा बंद झाली. माझ्या हाताला ग्रीसचा वास यायला लागला आणि तो मला आवडायला लागला.

मग वारं फिरलं. बाहेरच्या मालावरचा कर दरवर्षी उतरत गेला, आणि पुढे आमचा माल राखीव यादीतूनही निघाला. मिरजेच्या हार्डवेअरच्या दुकानात परदेशी बिजागऱ्या चकचकीत पिशवीत लटकायला लागल्या, आमच्यापेक्षा स्वस्त. आमच्या शेजारच्या गाळ्यात त्या गृहस्थांच्या सासूबाईंचा कारखाना होता. त्यांनी प्रेस विकले आणि तिथे त्याच परदेशी मालाचं गोदाम केलं. एकेक पाटी उतरत होती. मोठ्या प्रेसवर जे काम एका दणक्यात होतं ते आम्ही दोन लहान प्रेसवर, मध्ये एक हातगाडी घालून करत होतो. लहान राहण्यात आम्ही इतके पटाईत झालो होतो की मोठं कसं व्हायचं ते कुणालाच येत नव्हतं.

अशात पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. तयार दारं बनवणारी मोठी कंपनी. त्यांचे खरेदीचे साहेब, पेठकर, परवा कारखाना बघायला येणार होते. ती ऑर्डर मिळाली तर मोठा प्रेस घेता येणार होता, आणि आता तो घ्यायला कुणाची आडकाठी नव्हती. नाही मिळाली तर दिवाळीपर्यंत आमचंही गोदाम झालं असतं. पेठकर यायच्या आत भिंत जावी, त्यांना पत्रा इकडून शिरताना आणि खोकं तिकडून बाहेर पडताना एका नजरेत दिसावं, असं यांच्या मनात होतं. त्यात चूक काहीच नव्हतं. ती हातगाडी मलाही नको होती.

तरी मी भिंतीला पाठ लावून उभी होते.

"त्रिशला, बाजूला हो," हे म्हणाले. "नियमच उठलाय आता. कुणासाठी ठेवायची भिंत?"

"पाडल्यावर काय?"

"एकच कारखाना. एकच पाटी. माल इकडनं सरळ तिकडं."

"आणि मी?"

यांनी घण खाली टेकवला. कपाळाचा घाम पुसला आणि फार मायेनं म्हणाले, "तू सुटलीस की. इतकी वर्षं माझ्यापायी तेल, धूर, खडखडाट. आता निवांत घरी बस. कागदावरचं ओझं होतं तुझ्या डोक्यावर, ते उतरलं."

यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि म्हणून मला जास्तच राग आला. कागदावरचं. एवढी वर्षं मी ज्या टेबलाशी बसले ते कागदावरचं, तो शिक्का कागदावरचा, कोल्हापूरच्या माणसाच्या शिव्या कागदावरच्या. मला रडू येत होतं. पण सदा बघत होता, आणि त्याच्या देखत रडले असते तर संध्याकाळपर्यंत सगळ्या एमआयडीसीला कळलं असतं.

"पेठकर येऊन जाऊ देत," मी म्हटलं. "तोवर एक वीट हलायची नाही."

"त्यांना दाखवू काय? हातगाडी?"

"जे आहे ते."

"आणि त्यापायी ऑर्डर गेली तर?"

मी पाठ भिंतीला आणखी घट्ट लावली. शेवटी यांनी घण भिंतीला टेकवून ठेवला आणि माणसांना म्हणाले, "काय बघायलाय? चला कामाला."

दोन दिवस आमचं बोलणं चलनापुरतं उरलं. स्कूटरवर मी मागे बसायचे ती सीटचा दांडा धरून. दिवस मावळायच्या आत जेवायची आमच्याकडची रीत. एरवी त्या वेळी खिडकीतून ऊन येत असायचं आणि हे दिवसभराचं सांगत असायचे. आता हे छताकडे बघून म्हणायचे, "भाकरी मिळाली तर बरं होईल." मीही छताकडेच बघून वाढायचे. कॅलेंडर अजिबात हललं नाही.

पेठकर आले. चष्मा, बारीक अंगकाठी, शर्टाच्या खिशात एक परदेशी बिजागरी. हे त्यांना आपल्या बाजूला घेऊन गेले. नंतरचं मला यांनीच पुढे कितीदा तरी सांगितलं आहे. प्रेस बघून झाल्यावर पेठकरांनी विचारलं, "आता पुढचं काम कुठे होतं?" यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "चला, रस्त्यानं जाऊया." पुढे मालाची हातगाडी, मागे पेठकर आणि हे, अशी मिरवणूक निघाली.

"माल कुठे चाललाय?" पेठकरांनी विचारलं.

"शेजारच्या कारखान्यात."

"तो कुणाचा?"

"माझ्या बायकोचा."

पेठकर रस्त्यातच थांबले आणि मोठ्यानं हसले. "तुमची एकच भिंत आहे, मगदूम. मी एके ठिकाणी चार बघितल्या आहेत. घरातली माणसं संपली होती, म्हणून पाचवी झाली नाही."

हसत हसतच ते माझ्या फाटकातून आत आले. यांनी ओळख करून दिली, "या त्रिशला इंडस्ट्रीजच्या मालक." दोन दिवसांनी माझ्याबद्दल बोलले ते हे एवढंच. सदानं चहा आणला. हातगाडी टेबलाशी लागली.

मी रोजच्यासारखी गाडीतली पानं उचलली. एक वरचं, एक तळातलं, एक मधलं. स्क्रू घातला आणि अंगठा फिरवला. डोकं वर होतं. दुसरं घेतलं, तेही तसंच. खळगे उथळ पडले होते. दोन दिवसांच्या रागाच्या भरात कुणीतरी प्रेसवरची बोथट झालेली हत्यारं बदलायची विसरलं होतं, आणि ते कुणी विसरलं असेल ते मला ठाऊक होतं.

मी वर बघितलं. दस्तगीरमामा भिंतीकडे असे निरखून बघत होते की जणू आयुष्यात पहिल्यांदाच भिंत बघताहेत. हे माझ्याकडे बघत होते. यांना माझा अंगठा कळतो. यांचे डोळे म्हणत होते, आज नको. आज घेऊन ठेव, उद्या परत पाठव. पेठकर जाऊ देत.

मलाही तेच वाटत होतं. घेऊन ठेवलं असतं तर कुणाला कळणार होतं? ऑर्डर माझीही होती. माझी माणसं होती, दस्तगीरमामांच्या नातीचं लग्न ठरलेलं होतं. पण ती पानं मी उतरवून घेतली की ती माझी झाली असती, आणि माझ्या टेबलावरून असा माल गेला नव्हता. मी शिक्का उचलला, चलनावर मारला आणि गाडीवाल्याला म्हटलं, "परत."

गाडी वळली. तिचं एक चाक नेहमीच कुरकुरायचं, त्या दिवशी जरा जास्तच ऐकू आलं.

पेठकरांनी चहाचा कप खाली ठेवला. "काय झालं?"

मी त्यांना पान दाखवलं आणि स्क्रूवरून अंगठा फिरवायला सांगितलं. त्यांनी फिरवला. मग खिशातली परदेशी बिजागरी काढली, तिच्यात तोच स्क्रू घातला, तिच्यावरून फिरवला. पुन्हा फिरवला.

"ही दिसायला छान आहे," ते म्हणाले. "स्वस्तही आहे. एका खोक्यात उत्तम निघते, दुसऱ्यात अशी. तुमची गाडी कोपऱ्यावरून परत गेली. मी हिची गाडी कुठे परत पाठवू?"

त्यांनी ती बिजागरी परत खिशात घातली.

"मगदूम," ते यांच्याकडे वळले, "तुमचा माल बायकोनं गिऱ्हाइकासमोर परत पाठवला. तुमची तक्रार नाही?"

"आहे की," हे म्हणाले. "रोजची आहे. हिच्यापायी माझी माणसं दोनदा काम करतात. मी कितीदा सांगितलं, घरचाच माल आहे. ऐकत नाही." मग यांचा आवाज जरा हळू झाला. "पण ही टेबल मांडून बसली तेव्हापासनं आमचा माल बाजारातनं परत आलेला नाही साहेब. एकदाही." एवढं बोलून हे थांबले. आपण काय बोललो ते आपल्याच कानांनी पहिल्यांदा ऐकल्यासारखे थांबले.

पेठकर व्यवहारी माणूस. ते काही भारावून वगैरे गेले नाहीत. म्हणाले, "दर मला या परदेशी मालाइतकाच हवा. तुमच्या हातगाडीचा खर्च मी सोसणार नाही. भिंत काढलीत तर दर जमेल?"

"जमेल," हे म्हणाले.

"आणि भिंत काढल्यावर असा माल परत कोण पाठवणार?"

हे माझ्याकडे बघायला लागले. पेठकरांनी उरलेला चहा संपवला, "विचार करून कळवा," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर भिंतीपलीकडचे प्रेस बंद झाले. हत्यारं बदलण्याचं काम चाललं असावं. मी टेबलाशी बसून होते. दुपार कलली तेव्हा कॅलेंडर हललं.

"आहेस काय?"

"आहे."

"साहेब विचारून गेला."

"ऐकलं मी."

"खरं सांग. एकच कारखाना असता, तर आजचा माल परत पाठवला असतास?"

मी कॅलेंडर बाजूला केलं. तोच अर्धा चेहरा होता. आनंद मात्र नव्हता, नुसता विचार होता.

"एकच कारखाना असता," मी म्हटलं, "तर तुम्ही म्हणाला असता, चालवून घे. आणि मी चालवून घेतला असता."

पलीकडे घण फरशीवरून बाजूला ओढल्याचा आवाज आला.

"मला वाटायचं तुला मोकळं करायलोय," हे म्हणाले. "चुकलं माझं. कागदावरचं म्हणालो ते."

"चुकलंच," मी म्हटलं.

"मग भिंत राहू दे?"

"भिंत राहिली तर दर जमत नाही."

"पाडली तर तू राहत नाहीस."

"मी राहीन हो. माझं नाही म्हणणं राहत नाही."

यांनी विटेच्या भोकातून हात आत घातला. मला वाटलं माझा हात धरताहेत, म्हणून मी पुढे केला. पण हे बोटांनी भिंतीची जाडी मोजत होते. माझा हात मध्ये आला तेव्हा तोही धरला.

"दार करू," हे म्हणाले. "ढकलगाडी जाईल एवढं रुंद. माल इकडनं तिकडं सरळ येईल, पण तुझ्या टेबलापाशी थांबूनच."

मला हसू फुटलं. "अहो, एवढी वर्षं लोकांच्या दारांना बिजागऱ्या पुरवल्या आपण."

"आणि आपल्या भिंतीला दार नाही," हे म्हणाले, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं हसत सुटलो. इतके, की दस्तगीरमामा काय झालं ते बघायला आले आणि आमचे हात हातात बघून आल्या पावली परत गेले.

ऑर्डर मिळाली. आधी थोड्या मालाची, मग पुऱ्या वर्षाची. मोठा प्रेस आला तो यांच्या बाजूला बसला आणि त्याच्या दणक्यानं माझ्या टेबलावरचा चहा अजूनही हलतो. कागदावर दोन्ही कारखाने एक झाले, पाटीवर दोघांची नावं आली. शेजारचं गोदामही पुढे आम्हीच घेतलं. ज्या देशातून ती चकचकीत पिशवी यायची तिकडे नाही, पण दुबई आणि केनियाला आमची बिजागरी आता जाते. नियम उठल्यावर काहींचं बुडालं आणि आमचं तरलं ते का, असं मला कधी कुणी विचारतं. मी त्यांना ते दार दाखवते.

दार बसवलं तो दिवस मला लख्ख आठवतो. जिथं वीट काढलेली होती तिथूनच गवंड्यानं भिंत कापली. चौकट उभी राहिली. हे आपल्या हातानं निवडलेल्या बिजागऱ्या एका फडक्यात बांधून घेऊन आले. मी त्या टेबलावर ओतल्या, एकेक उघडली, मिटली, अंगठा फिरवला आणि एक बाजूला काढली.

"ही नाही चालायची."

"अगं, आपल्याच दाराची आहे."

"म्हणूनच."

दोन्हीकडची माणसं हसली. चौकटीत दस्तगीरमामा दार धरून उभे होते, म्हणून हे रस्त्यानं वळसा घालून गेले आणि दुसरी घेऊन आले. टपरीला वळसा घालायची ती यांची शेवटची खेप. दस्तगीरमामांनी दार टांगलं, दोनदा उघडून मिटून बघितलं. आवाज आला नाही. मग त्यांनी कडी हातात घेतली आणि आम्हा दोघांकडे बघितलं.

"ही कुठल्या अंगाला लावू?"

यांनी दाराकडे बघितलं, माझ्या टेबलाकडे बघितलं, शिक्क्याकडे बघितलं.

"तिच्या अंगाला लावा मामा," हे म्हणाले. "मी वाजवून येत जाईन."